मीड अर्ध्यावरच थांबलं? यीस्टचं दुसरं पाकीट फोडण्याआधी हे तपासा

"ताई, आठवडाभर मस्त चाललं होतं. एअरलॉक टुकटुक वाजत होता, वर फेस होता. आता सगळं सामसूम. हायड्रोमीटर १.११० वरून १.०४० वर येऊन बसलाय, चाखलं तर अजून गोडमिट्ट लागतंय. यीस्टचं आणखी एक पाकीट टाकू का?"

मीड म्हणजे मधपाणी आंबवून केलेलं मद्य. एअरलॉक म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी बुचातली नळी. हायड्रोमीटर दाखवतो ती ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या (१.०००) तुलनेत द्रव किती जड ते; साखर जास्त तितका आकडा मोठा, आणि आंबताना तो उतरतो. इंग्लंडात थंडी पडायला लागली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मध कुणाचा अकेशियाचा, कुणाचा संत्र्याच्या फुलांचा, आकडा कधी १.०४० तर कधी १.०२८, पण शेवट ठरलेला: "आणखी एक पाकीट टाकू का?"

नका टाकू. निदान लगेच तरी नका. नऊ टक्के अल्कोहोल झालेल्या, आंबट आणि पोषण संपलेल्या द्रवात कोरडं यीस्ट वरून भुरभुरवलं, तर त्यातलं बरंचसं जागं व्हायच्या आतच मरतं. उरलेलं, आधीचं यीस्ट जिथे थकलं तिथेच थकतं. पाकिटाचे पैसे गेले आणि तळाशी साका तेवढा वाढला.

पुढे जाण्याआधी कायद्याचं. हे सगळं इंग्लंड, अमेरिका वगैरे ठिकाणी स्वतःपुरतं मीड करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. ब्रिटनमध्ये घरच्या वापरासाठी करायला परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने घरी वाइन करता येते आणि मीड त्यातच धरतात. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर २००. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे, मग ते मधाचं का असेना. तिथल्या वाचकांनी पुण्या-नाशकाच्या परवानाधारक मीडरींचं मीड विकत घ्यावं. हा लेख ज्ञान म्हणून वाचायला हरकत नाही.

खरंच अडकलंय का?

'अडकलं' म्हणून माझ्यापर्यंत येणाऱ्या मीडपैकी पुष्कळ मीड अडकलेलं नसतंच.

एअरलॉकवर विश्वास ठेवू नका. प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण एका बाजूने जरा सैल बसलं असेल तर वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. उलट बाहेर हवेचा दाब उतरला किंवा खोली तापली, तर आंबणं संपलेल्या मीडमधूनही विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि एअरलॉक वाजत राहतो. खरं सांगतो तो हायड्रोमीटर, तोही नीट वाचला तरच. नमुना काढल्यावर तो एका भांड्यातून दुसऱ्यात जोरात ओतून वायू उडवून टाका. मग हायड्रोमीटर सोडा आणि बोटांनी एक गिरकी द्या. चालू मीडमध्ये त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे चिकटतात आणि त्याला वर उचलून धरतात. गिरकी दिली की बुडबुडे सुटतात आणि तो दोन-चार अंक (म्हणजे ०.००२-०.००४) खाली बसतो. वाचन द्रवाच्या सपाट पातळीवर घ्या, काचेला चढलेल्या कडेवर नाही. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सियसला जुळवलेले असतात, काही जुने १५.५ ला. ते त्याच्या कागदावर छापलेलं असतं.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र, वापरणाऱ्यांची गंमत वेगळी. अल्कोहोल तयार झालं की त्याचा आकडा खोटा पडतो. २४ ब्रिक्सने (ब्रिक्स म्हणजे साखरेची टक्केवारी) सुरू झालेलं मधपाणी पूर्ण आंबून १.००० ला आलं, तरी रिफ्रॅक्टोमीटर आठ-नऊ ब्रिक्स दाखवतो. तो आकडा थेट ग्रॅव्हिटीत बदलला की १.०३५ येतो आणि माणूस घाबरून लिहितो, "अडकलं!" अल्कोहोलची दुरुस्ती करणारं गणित इंटरनेटवर फुकट मिळतं. ते वापरा, नाहीतर सरळ हायड्रोमीटर घ्या.

मग यीस्टची मर्यादा बघा. लाल्विन कंपनीचं ७१बी यीस्ट साधारण १४ टक्के अल्कोहोलपर्यंत जातं, डी४७ तेवढंच, ईसी-१११८ आणि के१व्ही-१११६ अठरापर्यंत. सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीतून आत्ताची वजा करा आणि १३१.२५ ने गुणा, अल्कोहोलची टक्केवारी मिळते. कुणी १.१४० पासून ७१बी वर सुरुवात केली असेल आणि मीड १.०३३ ला थांबलं असेल, तर ते चौदा टक्के झालं. ते अडकलेलं नाही, झालेलं आहे. गोड मीड म्हणून प्या. मात्र वरच्या पत्रातलं १.११० वरून निघून १.०४० ला बसलेलं मीड अवघ्या नऊ टक्क्यांवर आहे. त्याचं दुखणं खरं.

आणखी एक: सुरुवातीचा आकडाच चुकलेला असू शकतो. मध जड असतो, नीट ढवळला नाही तर तळाशी थर धरून बसतो. वरचं पातळ पाणी मोजून १.०८० लिहून ठेवलं असेल आणि खरा आकडा १.११० असेल, तर पुढचं सगळं गणित फसतं. असं वाटत असेल तर किती किलो मध घातला होता ते आठवा. एक किलो मध आणि पाणी मिळून एक लिटर झालं तर ग्रॅव्हिटीत सुमारे २९० अंकांची भर पडते. म्हणजे १.९ किलो मध घालून पाच लिटर केलेत तर १.११० च्या आसपास यायला हवं.

शेवटी, हळू चालणं म्हणजे अडकणं नव्हे. १.०१२ वरून तीन दिवसांत १.०१० झालं असेल तर ते चाललंय, त्याला चालू द्या. २० अंशांच्या आसपास ठेवूनही आठवडाभर आकडा तसूभर हलला नाही आणि यीस्टची मर्यादा अजून लांब आहे, तेव्हाच अडकलं म्हणा.

मधात साखर आहे, जेवण नाही

आता मूळ दुखण्याकडे. पाण्यात मध घालून यीस्ट टाकलं की मीड होतं, हे खरं आहे आणि सगळी फसगतही तिथेच आहे. मधात साधारण ऐंशी टक्के साखर, सतरा-अठरा टक्के पाणी, आणि बाकी सगळं मिळून चिमूटभर. त्या चिमटीत आम्लं, खनिजं, थोडी प्रथिनं आणि एन्झाइम. यीस्टला पेशी वाढवायला नायट्रोजन लागतो, तोही पचेल अशा रूपात. द्राक्षाच्या रसात तो लिटरला साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम सापडतो. मधपाण्यात बहुतेक वेळा पन्नासच्याही खाली. १.११० चं मधपाणी नीट आंबायला, यीस्ट कमी खाणाऱ्या जातीचं असलं तरी, दोनशेच्या वर लागतो. पोटॅशियम, मॅग्नेशियम, जीवनसत्त्वं यांचीही तीच गत. आणि मीड करणारे बरेच जण वर आरओचं पाणी वापरतात, म्हणजे नळातून येणारी दोन-चार खनिजंही गाळून टाकतात. नळाचं पाणी क्लोरीनचा वास मारत नसेल तर तेच बरं.

पैलवानाला नुसत्या जिलब्यांवर आखाड्यात उतरवलं तर तो पहिली कुस्ती मारेल, तिसरीत बसकण मारेल. यीस्टचं नेमकं तेच होतं आणि कधी होतं ते लक्षात घेण्यासारखं आहे. यीस्टच्या पेशी पहिल्या तीन-चार दिवसांतच वाढतात. साखरेचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा संपेपर्यंत त्यांची संख्या जवळपास ठरून जाते. पुढचं सगळं काम त्याच पेशींना रेटायचं असतं, तेही चढत्या अल्कोहोलमध्ये. त्या सुरुवातीच्या दिवसांत नायट्रोजन आणि ऑक्सिजन कमी पडला तर पेशी थोड्या होतात आणि त्यांची आवरणं कच्ची राहतात. आठवडाभर काही कळत नाही. अल्कोहोल आठ-नऊ टक्क्यांवर गेलं की कच्ची आवरणं गळू लागतात आणि बाराव्या दिवशी तुम्ही विचारता, "कालपर्यंत ठीक होतं, आज काय झालं?" आज काही झालेलं नाही. जे झालं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झालं.

म्हणून औषध हवं ते पहिल्या आठवड्यात.

मनुक्यांचा विषय इथेच संपवते. "मूठभर मनुके टाका, यीस्टला तेवढं पोषण पुरतं" हा सल्ला जुन्या पाककृतींत सगळीकडे आढळतो. मनुक्यांनी चव येते, थोडा तुरटपणा येतो. पण पाच लिटरला पुरेल एवढा नायट्रोजन मनुक्यांतून काढायचा तर मूठ सोडा, किलोच्या हिशेबात टाकावे लागतील, आणि मग ते मनुक्यांची वाइन होईल. काळ्या चहाचंही तसंच. चहातून टॅनिन मिळतं, जेवण नाही. बेकरीचं कोरडं यीस्ट पाण्यात खळखळून उकळून घालणं मात्र अगदीच अडाणी नाही. मेलेल्या यीस्टमध्ये जिवंत यीस्टचं खाद्य असतंच, आणि दुकानात मिळणारे सेंद्रिय पोषक त्यातूनच करतात. फक्त घरी केलेल्यात किती उतरलं ते मोजता येत नाही.

हिशेब असा. पाच लिटर, १.११०, यीस्ट ७१बी. फर्मेड ओ सारखं सेंद्रिय पोषक एकूण साडेपाच ते सहा ग्रॅम, चार भागांत. यीस्ट टाकल्यावर २४ तासांनी पहिला भाग, ४८ ला दुसरा, ७२ ला तिसरा, आणि साखरेचा एक-तृतीयांश हिस्सा संपला की, म्हणजे १.०७३ च्या सुमारास, चौथा. सातव्या दिवसापर्यंत तिथे पोचलं नाही तरी चौथा देऊन टाका. यीस्ट भिजवताना गो-फर्म (भिजवण्याच्या पाण्यात घालायचं पोषक) वापरलंत तर सुरुवात आणखी भक्कम होते. ते यीस्टच्या वजनाच्या सव्वापट घ्यायचं आणि त्याच्या वीसपट पाण्यात कालवायचं.

डाय-अमोनियम फॉस्फेट, म्हणजे डीएपी, स्वस्त आणि जोरदार. लिटरला एक ग्रॅम घातलं की २१० मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो. त्याला दोन मर्यादा आहेत. एकदम सगळं दिलं तर यीस्ट उधळतं, तापतं आणि नंतर कोसळतं. आणि अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या पुढे गेलं की यीस्ट डीएपी उचलूच शकत नाही. ते तसंच पडून राहतं, जिभेला खारट-धातूसारखं लागतं आणि नको त्या जिवाणूंची सोय होते. अडकलेल्या मीडमध्ये डीएपी घालू नका ते यासाठी. आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे वाचावंच: खताच्या दुकानातलं १८:४६ चं डीएपी हे खत आहे, खाण्याच्या दर्जाचं नाही. युरिया तर मुळीच नको, त्यातून आंबवलेल्या पेयात इथिल कार्बामेट तयार होतं आणि ते शरीराला घातक आहे.

पोषकाची पूड चालू मीडमध्ये थेट टाकू नका. द्रवात वायू ठासून भरलेला असतो, पुडीच्या कणाकणावर तो सुटतो आणि बरणीच्या गळ्यातून कारंजं उडतं. छतावरचा मधाचा डाग पुसणं हे काम ज्याने केलंय त्यालाच माहीत. आधी हळूहळू ढवळून वायू काढा, फेस बसू द्या, पूड दोन चमचे पाण्यात विरघळवा, मग ओता. पहिले तीन-चार दिवस, एक-तृतीयांश साखर संपेपर्यंत, रोज दोनदा असं ढवळलं की वायूही जातो आणि थोडी हवाही मिळते. त्यानंतर हवा लागू द्यायची नाही.

मध कोणता यावरही बरंच अवलंबून आहे. फिकट, गाळून आरशासारखा केलेला अकेशियाचा मध सगळ्यात उपाशी. गडद मधात खनिजं आणि नायट्रोजन साधारण जास्त असतात. आपल्या सह्याद्रीतला जांभळीचा काळसर मध इथे कुणी गावाहून आणला तर तो तुलनेने सोपा जातो. मात्र असा जंगली मध बऱ्याचदा पातळ असतो. ओलावा विसाच्या वर गेलेला मध डब्यातच फसफसायला लागतो, तेव्हा आधी हुंगून बघा.

इथिओपियातलं तेज बघितलं की हे सगळं जास्त कळतं. तिथे ना पाकीट ना पोषकाची पूड, तरी घरोघरी मधाचं पेय पिढ्यान्‌पिढ्या होतंय. एक तर मध कच्चा असतो, मेणाचे तुकडे आणि परागासकट. पराग म्हणजे प्रथिनांचा साठा. त्यात गेशो या झुडपाच्या काड्या आणि पानं घालतात, ती कडवटपणा देतात आणि बिघडवणाऱ्या जिवाणूंना थोडं दाबून धरतात. शिवाय मधाला तीन ते पाचपट पाणी असतं आणि पूर्ण कोरडं, म्हणजे साखर संपलेलं, व्हायची कुणी वाट बघत नाही, तरुण आणि गढूळ असतानाच पितात. पोलंडमध्ये उलटी तऱ्हा. तिथल्या पुवतोराक जातीत एक भाग मधाला अर्धाच भाग पाणी, आणि ते वर्षानुवर्षं मुरवतात. एवढी साखर एकदम दिली तर कुठलंही यीस्ट सुरू होता होताच गार पडेल, म्हणून मधाचा काही भाग नंतर देतात. आपण मात्र दोन्हींतलं नेमकं अडचणीचं तेवढं उचलतो: गाळलेला स्वच्छ मध, भरपूर साखर, सगळी पहिल्याच दिवशी. १.१३० च्या वर जायचं असेल तर पोलिश पद्धत उचला. १.१०० वर सुरू करा आणि उरलेला मध आंबणं जोरात असताना टप्प्याटप्प्याने घाला.

थंडी

नोव्हेंबरात इथे रात्री हीटिंग बंद होतं आणि स्वयंपाकघर १३-१४ अंशांवर येतं. दिवसा २०, रात्री १३. अशा हेलकाव्यांनी यीस्ट गोळा होऊन तळाशी बसतं. नुसत्या थंडीने थांबलेलं मीड सगळ्यात सोपं. बरणी २०-२२ अंशांच्या जागी हलवा, स्वच्छ दांड्याने तळाचा साका अलगद वर उठवा आणि चार दिवस थांबा. कितीतरी वेळा एवढ्यावरच काम होतं.

इडलीचं पीठ आपण दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवतो, तिथे मीड ठेवू का, असं विचारलं जातं. ठेवता येईल, पण आधी आत थर्मामीटर ठेवून बघा. काही ओव्हनमध्ये नुसत्या दिव्याने ३५ अंश होतात. इडलीला ते झकास. डी४७ ला २० च्या वर जड, डोकं धरणारी अल्कोहोलं सुटतात. आणि ओव्हनच्या बटणावर कागद चिकटवा. घरात कुणीतरी पिझ्झासाठी तो २२० वर लावणार, हे ठरलेलं. त्यापेक्षा बरणीभोवती जुनी गोधडी आणि शेजारी गरम पाण्याची पिशवी पुरते.

आंबटपणा

मधात ग्लुकोनिक आम्ल असतं, मधमाशीच्याच एका एन्झाइमने साखरेपासून केलेलं. मधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) सरासरी ३.९ च्या आसपास. अडचण अशी की तो आवरून धरणारं मधात फारसं काही नाही. यीस्ट कामाला लागलं की पीएच झपाट्याने घसरतो, तीनपर्यंतही येतो, आणि ३.२ च्या खाली यीस्ट मान टाकायला लागतं. जुन्या पाककृतीत सुरुवातीलाच लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालायला सांगतात. ते शेवटी चवीपुरतं घाला, सुरुवातीला नाही.

पीएचच्या पट्ट्या गढूळ मीडमध्ये नीट वाचता येत नाहीत, साधा मीटर घ्या आणि मापन करण्याआधी वायू उडवा. कमी निघाला तर पोटॅशियम बायकार्बोनेट पाच लिटरला एक-दीड ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू. ढवळा, तासाभराने परत मोजा. ३.५ च्या आसपास आलं की थांबा. पोटॅशियमची यीस्टला तशीही गरज असते. कपाटातला खाण्याचा सोडा वापरू नका. तोही पीएच वाढवतो, पण सोडियमने मीड खारट होतं आणि ते काढता येत नाही.

तरीही अडकलंय: परत चालू करणं

वाचन खरं आहे, उबदार जागा दिली, साका ढवळला, पीएच ठीक आहे, आणि आकडा १.०४० वरून हलत नाही. आता दुसरं पाकीट, पण माणसाळवून.

आधी अडकलेलं मीड तयार करायचं. वरचं मीड नळीने दुसऱ्या बरणीत काढा, साका मागे ठेवा. यीस्टची टरफलं, म्हणजे मेलेल्या पेशींची रिकामी आवरणं, दुकानात मिळतात, ती लिटरला पाव ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला सव्वा ग्रॅम घाला. उपाशी यीस्ट काही स्निग्धाम्लं बाहेर टाकतं आणि ती नव्या यीस्टला विषासारखी असतात. टरफलं ती शोषून घेतात. एक-दोन दिवस अधूनमधून ढवळा, बसू द्या, पुन्हा वरचं काढून घ्या. तापमान २२-२४.

नवं यीस्ट के१व्ही-१११६ किंवा ईसी-१११८ घ्या. अडकलेल्या मीडमध्ये उरलेली साखर बहुतांशी फ्रुक्टोज असते, कारण यीस्ट ग्लुकोज आधी उचलतं. युव्हाफर्म ४३ नावाची जात फ्रुक्टोज चांगलं खाते आणि अडकलेल्या वाइनसाठीच विकली जाते, मिळाली तर तीच घ्या.

सव्वाशे मिलिलिटर पाणी ४३ अंशांना घ्या, त्यात सहा ग्रॅम गो-फर्म. चाळिसाला आलं की पाच ग्रॅम यीस्ट वर पसरा. लगेच ढवळू नका, पंधरा-वीस मिनिटांत ते सायीसारखं फुगतं, मग हलवा. आता अडकलेलं मीड त्यात थोडं थोडं घालत जा, एकूण सव्वाशे मिलिलिटर. पहिले दोन-तीन चमचे घालून पाच-दहा मिनिटं थांबा, कारण कोमट यीस्टला दहा अंशांहून जास्त गार धक्का बसता कामा नये. मग झाकून ठेवा. इथे घाई करायची नाही. वर बारीक फेसाची कडी धरेपर्यंत, कान लावला तर सूं सूं ऐकू येईपर्यंत थांबा. तीन तास लागतील किंवा अख्खी रात्र. मग आणखी पाव लिटर. परत फेस, मग अर्धा लिटर. परत फेस, मग एक लिटर. प्रत्येक वेळी दुप्पट, आणि प्रत्येक वेळी चालू झाल्याची खूण बघूनच. पाव लिटर घातल्यावर तास उलटले तरी हालचाल नाही, तर पुढे जाऊ नका, गाडी तिथेच बसली आहे. पुन्हा पीएच आणि तापमान बघा.

निम्मं मीड असं चालू झालं की ते उरलेल्यात मिसळा, उलटं नको. पोषक द्यायचंच तर सेंद्रिय, तेही लिटरला पाव ग्रॅमच्या आत.

रोज वायू काढत ढवळा, पण हवा घुसळू नका. दोन-तीन दिवसांत आकडा १.०३८, १.०३५ असा उतरायला लागला पाहिजे. वेग पहिल्यासारखा नसतो, आणि १.००० पर्यंत जाईलच असंही नाही.

अडकण्याच्या आगेमागे सडलेल्या अंड्याचा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड, उपाशी यीस्टचीच तक्रार. अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या खाली असेल तर पोषक देऊन जोरात ढवळा, बहुतेक वेळा दिवसात वास जातो. त्यापुढे असेल तर नळीने दुसऱ्या बरणीत काढताना जरा शिंतोडे उडवत काढा. तांब्याची तार घालण्याचे सल्ले मिळतील. मी त्या वाटेला जात नाही, आंबट द्रवात तांबं किती उतरलं ते घरी मोजता येत नाही.

नाहीच चाललं तर

तर ते गोड मीड आहे. कोरड्या मीडमध्ये मिसळून बघा, एकाला दोन किंवा एकाला तीन. दोन सामान्य बरण्यांतून एक चांगली निघते. नाहीतर तसंच ठेवा, पण बाटलीत भरण्याआधी एक काम चुकवू नका. अडकलेलं म्हणजे मेलेलं नव्हे. डिसेंबरात गप्प बसलेलं यीस्ट जूनमध्ये, खोली २७ अंशांवर गेली की, बाटलीत जागं होतं. चाळीस अंकांची साखर बंद बाटलीत आंबायला लागली तर काच फुटते, आणि ती फुटते तेव्हा माणूस शेजारी उभा असू शकतो.

मीड आधी थंडीत ठेवून निवळू द्या. मग पाच लिटरला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट साधारण ०.४५ ग्रॅम आणि एक दिवसाने पोटॅशियम सॉर्बेट एक ग्रॅम. एवढं लहान वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळत नाही, सोनाराच्या काट्यासारखा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा लागतो. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, म्हणून गढूळ मीडमध्ये त्याचा भरवसा नाही. आणि मेटाबायसल्फाइटशिवाय नुसतं सॉर्बेट घातलं तर लॅक्टिक जिवाणू त्यातून चुरगळलेल्या जिरेनियमच्या पानांसारखा वास काढतात, तो जात नाही. त्यानंतर महिनाभर एअरलॉक लावून उबदार खोलीत ठेवा. आकडा जागचा हलला नाही तरच बुचं लावा.